केरी ते तेरेखोल, तीन खेपा

बाई, तेरेखोलच्या फेरीबोटीवरचे अंकल गेले. दुपारी पालयेहून भावाचा फोन आला तेव्हा मी नारळ खवत बसले होते. पंच्याऐंशीला टेकले होते, त्रास असा काही झाला नाही, सकाळी उंडो पाव चहात बुडवून खाल्ला आणि खाटेवर आडवे झाले ते झालेच, असं तो म्हणाला. मी 'बरं' म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा खवणीवर बसले, पण हात चालेना. त्या मंगळवारी फेरीवर नेमकं काय झालं ते पहिल्यापासून ठाऊक असलेली माणसं तीनच होती. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. आता अंकलही गेले. उरले मी, आणि मी ती गोष्ट कधी कुणाला धड सांगितलेली नाही. एकदाच सांगितली होती, पंधरा वर्षांची असताना, आणि तीही अर्धीच. त्या अर्ध्या गोष्टीने तुमचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पेडण्याच्या हायस्कुलात तुम्ही आम्हाला मराठी शिकवत होता आणि हवाई छात्रांच्या मुलींच्या तुकडीचं कामही तुमच्याकडेच होतं. निळ्या गणवेशाला कडक इस्त्री हवी म्हणून शनिवारी संध्याकाळी तुम्ही आम्हाला तुमच्या भाड्याच्या खोलीवर बोलवायचा. खोली कसली, एक स्वयंपाकघर आणि त्याला लागून पलंगापुरती जागा. चुलीतले निखारे काढून इस्त्रीत भरायचं काम माझं, कापडावर पाणी शिंपडायचं काम तिचं. ती म्हणजे अंकलची मुलगी, माझ्या बाकावरची. नदीपलीकडे तेरेखोलला राहायची. रोज सकाळी बापाच्याच फेरीतून केरीला उतरायची, तिथून बस धरायची, ती बस पालयेला आली की मी चढायचे आणि तिने माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली असायची. बापाला ती 'पाय' म्हणायची. पहिल्यांदा तिने वर्गात "म्हजे पाय फेरीचेर आसतात" असं सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता, आणि तुम्ही हसणाऱ्यांना उभं करून म्हणाला होता, "तुमच्या बापांना काय म्हणता ते एकेकाने सांगा बघू." क्रिस्तांव घरातली मुलगी, पण मराठी पाठांतरात तालुक्यात पहिली आली. तुम्ही तिला शाईचं पेन दिलंत. मला त्या वेळी हेवा वाटला होता, हे लिहून टाकते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात त्याचाही थोडा भाग असावा.

विमानात बसायची हौस तिचीच. अंकल थट्टा करायचे. आपल्याकडे मोटरसायकलवरून भाडं मारणाऱ्याला पायलटच म्हणतात ना, तर ते म्हणायचे, "पेडण्यांत इतले पायलट आसात, आनीक एक कित्याक?" पण घाटावरच्या विमानतळावरच्या शिबिरासाठी तिचं नाव निघालं आणि परवानगीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा थट्टा संपली. तुम्ही एका रविवारी मला बरोबर घेऊन तेरेखोलला गेलात. तिच्या मांयने सुंगटांचं, म्हणजे कोलंबीचं, हुमण केलं होतं. तुमचा उपास निघाला, म्हणून तिने धावत जाऊन शेजारणीकडून केळी आणली. अंकल कागद हातात घेऊन उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "दर्यांत धाड म्हळ्यार धाडटां, टीचर. वयर कशें धाडूं?" तुम्ही म्हणालात, "ती माझी जबाबदारी. दहा दिवसांत तुमची मुलगी तुमच्याच फेरीतून घरी येईल." त्यांनी सही केली. टीचरच म्हणतात तर मग झालं, असं वाटून चुलीपाशून मांय म्हणाली, "टीचर म्हणटा न्हय? मागीर जाता." मीही शिबिराला जाणार होते, पण डॉक्टरांनी माझा कान तपासला, तो आतून वाहत होता, आणि त्यांनी मला वगळलं. मी चार दिवस रडले. ती जाताना म्हणाली, वर गेल्यावर तुझ्या नावाने एकदा खाली बघेन.

ते दिवस तुम्हाला आठवतात त्याहून मला कमीच आठवत असणार. भाषेवरून सगळा गोवा पेटला होता. मराठी की कोंकणी, यावरून एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली होती. शिक्षकांच्या खोलीत तुम्ही आणि गणिताचे सर दोन टोकांना बसायचा. रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकलेली, बसगाड्या बंद, शाळा नावाला चालू. तशा एका मंगळवारी मी पालयेहून चालत आले होते, कारण घरी करमत नव्हतं. नऊ-सव्वानऊ झाले असतील. मुख्याध्यापकांच्या खोलीतला फोन वाजला. तुम्हाला बोलावलं. बाहेर आलात तेव्हा तुमच्या हातात खडू होता आणि तुम्ही तो बोटांनी मोडत होता. मला व्हरांड्याच्या टोकाला नेलंत आणि एका दमात सांगितलंत. सकाळचं पहिलंच उड्डाण. विमानात तिघं: शिकवणारे अधिकारी, दुसऱ्या शाळेतला एक मुलगा आणि आपली ती. वळण घेताना इंजिन बंद पडलं. उसाच्या शेतात पडलं. कुणी वाचलं नाही. मी तोंड उघडलं तसं तुम्ही माझे दोन्ही खांदे धरलेत. "आत्ता नाही. तिच्या घरी आपल्याला जायचंय. दुपारच्या रेडिओवर येईल. त्यांना रेडिओवरून कळता कामा नये. मी सांगेपर्यंत तू रडायचं नाहीस. कळलं?" तुमचा तो आवाज मी कवायतीच्या मैदानावर ऐकला होता. मी मान हलवली.

एका पालकाची जीप हरमलच्या अलीकडच्या पहिल्या झाडापर्यंत आली. तिथून आपण चाललो. ऊन चढत होतं. दुसऱ्या झाडापाशी वीस-पंचवीस तरुण बसले होते. एकाने विचारलं, "खंय वतात? आज रस्तो बंद." दुसरा तुम्हाला ओळखत होता. "ही मराठीवाल्यांची टीचर," तो म्हणाला, आणि ते सगळे उठून उभे राहिले. मी तुमचा पदर धरला. तुम्ही त्या पहिल्याला म्हणालात, "तेरेखोलच्या फेरीवाल्याची मुलगी विमान पडून गेली. बापाला सांगायला चाललेय. जाऊ दे मला."  मग दोघांनी फांद्या उचलून वाट केली. एकजण, रोजचा पायलट, त्याचा धंदा बंद होता म्हणून तिथे बसलेला, आपली मोटरसायकल घेऊन आला. त्याच्या मागे मी आणि माझ्या मागे तुम्ही. केरीला उतरल्यावर पैसे द्यायला तुम्ही पर्स उघडलीत तेव्हा तो हात जोडून निघून गेला. परक्या माणसांना तुम्ही किती सहज सांगितलंत, हे माझ्या मनात राहिलं. पुढे तेच मी तुमच्याविरुद्ध वापरलं.

फेरी केरीच्या धक्क्याला लागलेली. अंकल फळी सोडत होते. आपल्याला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी खाली पाहिलं. "टीचर! संप म्हण किल्लो पळोवंक आयल्यात?" तुम्ही काही बोलायच्या आत त्यांनी तुमच्या हातातली पिशवी घेतली आणि आपण फेरीवर होतो. पाचसहा माणसं, पाव विकणारा एक सायकलवाला पोदेर, दोन शेळ्या. भोंगा झाला, अंकलनी दोर सोडला. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "पलीकडे पोचू दे." पाण्याच्या मध्यावर ते आपल्याजवळ आले, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "आयज मंगळार न्हय? चिटयेंत बरयलां, मंगळारा आपली पाळी म्हण." तिने पत्रात मंगळवारी विमानात बसायची पाळी आहे असं कळवलं होतं, म्हणून सकाळपासून तीनदा बघूनही त्यांनी पुन्हा वर बघितलं. आकाशात काही नव्हतं. "सकाळच्यान तीन पावटीं पळयलें. घाटावयलें हांगा दिसत आसत, टीचर?"

तुम्ही म्हणालात, "नाही हो. इतक्या लांबून नाही दिसायचं."

तेरेखोलला फळी पडली. मी म्हटलं, बाई, आपण वर घरी जाऊ, मांयला सांगू. तुम्ही म्हणालात, "आणि हे इथे दोर धरून उभे असताना बायकोला आधी कळणार? आणि ती ओरडत खाली येणार?" तेवढ्यात परतीची माणसं चढली. एका आजारी म्हाताऱ्याला कदेलीवर, म्हणजे घरच्या खुर्चीवर, बसवून चौघे घेऊन आले, त्याला केरीहून पुढे कसं न्यायचं याची चर्चा सुरू झाली, अंकल त्यात गुंतले. दुसरी खेप. तुम्ही दोनदा त्यांच्या दिशेने गेलात. एकदा त्यांनी दोर फेकण्यासाठी तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. दुसऱ्यांदा तुम्ही "ऐका" म्हणालात आणि त्यांनी मागे वळून विचारलं, "उदक जाय? आसा, थंड आसा," आणि मडक्यातलं पाणी आणून दिलं. ते तुम्ही प्यायलात. सगळं प्यायलात. केरीला पोचलो, म्हातारा उतरला, आणि मला वाटलं, आता. पण तुम्ही कठड्याला धरून उभ्या होता आणि तुमचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. फेरी पुन्हा निघाली. तिसरी खेप. मला राग आला होता, बाई. तुम्ही मला रडायचं नाही म्हणून बजावलंत आणि स्वतः गप्प उभ्या. डोळ्यांतलं आवरेना. अंकलनी पाहिलं. "कित्याक रडटा गो?" मी म्हटलं, "कान दुखता." त्यांनी गळ्यातला टॉवेल काढला, त्याची घडी केली, तोंडाने त्यावर फुंकून फुंकून ऊब आणली आणि माझ्या कानावर धरली. "खोबरेल गरम करून घाल. आमचें चेडूं आयलें म्हणटकच तुका कान धरून डॉक्टराकडेन व्हरतलें." आपली मुलगी परत आली की मला डॉक्टरकडे नेईल, असं ते सांगत होते आणि मी त्या टॉवेलात तोंड घातलं.

तेरेखोलच्या धक्क्यावर तिची मांय नवऱ्याची पेज घेऊन उभी होती. फेरी अजून टेकली नव्हती. तिने आधी तुम्हाला पाहिलं, मग मला, मग पुन्हा तुम्हाला. हातातला डबा तिने जमिनीवर नीट ठेवला. "किदें जालें म्हज्या चेडवाक?" ती तिथूनच म्हणाली, मोठ्यानेही नाही. शाळेत कोंकणीचा एक शब्द न बोलणाऱ्या तुम्ही, वर्गात मी निबंधात 'उद्या'ऐवजी 'फाल्यां' लिहिलं म्हणून त्याखाली लाल रेघ ओढणाऱ्या, तेव्हा तुमच्या डिचोलीच्या घरच्या बोलीत बोललात. "विमान पडलें, बाये. तुमचें चेडूं आमकां सोडून गेलें." मांय खाली बसली. अंकलच्या हातात दोर होता. त्यांनी तो खांबाला बांधला. फळी सोडली. माणसं उतरायला तयार नव्हती, त्यांना हाताने खूण करून एकेकाला उतरवलं, शेळ्या उतरवल्या. सगळी फेरी रिकामी झाल्यावर ते तिच्या शेजारी जाऊन बसले. कितीतरी वेळाने मांय तुमच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुमी म्हळें म्हणून धाडलें." तुम्ही तिथेच, ओल्या दगडांवर, त्यांच्यापुढे बसलात. साडी भिजली. 

संध्याकाळी घरी माझ्याभोवती आठदहा बायका जमल्या. मी सांगितलं. सगळं खरं सांगितलं, आणि तरी अर्धंच. बाई तीन वेळा फेरीतून इकडून तिकडे गेल्या, पाणी प्यायल्या, अंकल आकाशात बघत होते आणि बाईंनी सांगितलं नाही, हे सांगितलं. रस्त्यावरच्या परक्या पोरांना मात्र लगेच सांगितलं, हेही सांगितलं. तुमचे ओठ कसे हलत होते ते सांगितलं नाही. घराकडे न जाण्याचं कारण सांगितलं नाही. बायका 'देवा रे' म्हणत होत्या आणि त्यांचं ते माझ्याकडे बघणं मला बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती गोष्ट हरमल ओलांडून गेली होती, आणि त्या दिवसांत कुठलीही गोष्ट रंग न लागता प्रवास करत नसे. मराठीवाल्या टीचरने क्रिस्तांवाच्या पोरीचं मरण सांगायला वेळ काढला, फेरीत बसून हवा खाल्ली, असं तिचं रूप झालं.

लष्करी ट्रक पेटी घेऊन केरीला आला तेव्हा आपली सगळी शाळा धक्क्यावर होती. अंकलना सुट्टी देत होते, त्यांनी घेतली नाही. त्यांनीच फळी सोडली, त्यांनीच दोर ओढला. दहा दिवसांच्या आत ती बापाच्या फेरीतून घरी चालली होती. तुम्ही चढायला पुढे झालात, आणि एक बाई, मी तिला ओळखतही नव्हते, म्हणाली, "आयज कित्याक टीचर? त्या दिसा तीन पावटीं भोंवलीं न्हय?" तुम्ही थबकलात. मग मागे वळून गर्दीत मला शोधलंत. त्या मंगळवारी फेरीवर आपल्या शाळेतली मीच होते, दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी वेण्यांची रिबीन सोडून पुन्हा बांधायला लागले. फेरी निघाली. तुम्ही केरीच्या काठावर उभ्या राहिलात, दफनाला आला नाहीत. म्हणजे तुम्ही आलाच नाहीत, हेही पुढे तुमच्या नावावर लागलं.

वर्ष संपायच्या आत तुम्ही तुकडीचं काम सोडलंत आणि पुढच्या जूनमध्ये बदली घेऊन डिचोलीला गेलात. गोवा राज्य झालं, मिठाई वाटली गेली, गणिताचे सर आणि उरलेले सगळे शिक्षक पुन्हा एका मेजाभोवती बसले. तुमची खुर्ची नव्या बाईंना मिळाली. तुम्ही मला एक शब्द विचारला नाहीत. रागावला असतात, कान उपटला असतात तर मी तेव्हाच रडून मोकळी झाले असते.

मी परिचारिका झाले आणि लग्न होऊन डिचोलीलाच आले. सरकारी इस्पितळात नोकरी. तिथे मला कळलं, सांगायचं म्हणजे काय असतं. खाणीच्या ट्रकखाली सापडून गेलेल्या एका मुलाचे आईवडील सिंधुदुर्गातून आले होते. डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेले, मला पुढे केलं. आईने विचारलं, "ताई, जेवलो काय तो?" आणि मी म्हणाले, "तुम्ही आधी बसा, पाणी घ्या." मग पंख्याचं बटण दाबलं. मग खिडकी उघडली. सांगितलं तेव्हा दहा मिनिटं गेली होती. त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी तुमच्या घराच्या गल्लीपर्यंत आले होते. तुळशीपाशी तुमची भावजय कपडे वाळत घालत होती. मी पुढे गेले नाही.

मग अंकलच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. मी माहेरी आले होते, मुलांना किल्ला दाखवायला फेरीत बसले. त्यांनी मला ओळखलं, कानाची चौकशी केली. मुलं कठड्याशी गेल्यावर म्हणाले, "टीचर तुमच्या डिचोले आसा न्हय?" मी हो म्हटलं. त्यांनी हातातला दोर खाली ठेवला. मग सांगितलं, लोक तेव्हा काय बोलत होते ते त्यांच्या कानावर आलं होतं, पण त्यांना त्या वेळी बोलायची ताकद नव्हती. "तांका सांग. त्यो तीन खेपो तांणीं म्हाका दिल्यो. त्या तीन खेपांनी म्हजें चेडूं जितें आशिल्लें. हांव वयर पळयतालों." त्या तीन खेपांपुरती तरी त्यांची मुलगी जिवंत होती, हे मी तुम्हाला सांगायचं होतं. त्यांनी खात्रीसाठी विचारलं, "सांगतलें न्हय?" मी म्हटलं, "सांगतां."

तो निरोप द्यायचा तर आधी कबूल करावं लागलं असतं की गोष्ट माझ्या तोंडून गेली. बुधवारच्या बाजारात तुम्ही एकदा दिसलात, तांबडी भाजी निवडत होता. मी भांड्यांच्या दुकानात शिरले आणि नको असलेली परात घेऊन आले. दोन वर्षांनी तुम्ही माझ्याच वॉर्डात आलात. चार दिवस होता. श्वास लागायचा तुम्हाला, पण ओळखलंत. माझा हात धरून म्हणालात, "बरी नर्स झालीस. सगळे सांगतात." पहिल्या दिवशी भावजय बसून होती. दुसऱ्या दिवशी तुम्हाला झोप लागली होती. तिसऱ्या दिवशी आपण दोघीच होतो, चांगला पाऊण तास, आणि मी तुमची उशी बदलली, चादर बदलली, नखं कापली. तुम्ही म्हणालात, "तुला काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "उद्या बोलू, बाई. आज दमलात." चौथ्या दिवशी माझी ड्यूटी दुपारची होती. मी आले तेव्हा खाट रिकामी करून धुतलेली होती.

त्या वर्षी गणपतीच्या चवथीला मी तेरेखोलला गेले. अंकल दारापुढच्या बलकांवात बसले होते. टीचर गेल्या म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळ, छाती, खांद्यांवर क्रुसाची खूण केली. मग विचारलं, "म्हजें तें सांगलें न्हय तुवें तांका?"

मी म्हटलं, "सांगलें."

"किदें म्हणालीं?"

"रडलीं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "आनी मागीर?"

"मागीर हांसलीं."

ते खुर्चीत सरळ झाले आणि आत तोंड करून बायकोला हाक मारली. "आयकलें गो? टीचर हांसली म्हण." आतून भांड्यांचा आवाज थांबला, आणि मांय पदराला हात पुसत दारात आली, आणि तिने मला म्हटलं, परत सांग. मी परत सांगितलं. तुम्ही कशा हसलात तेही सांगितलं, बाई. तुम्हाला तर मी काही सांगितलंच नव्हतं.